चार गेली, किती आली?

श्रोतेहो, नमस्कार.

विमाननगरात राहणाऱ्यानं विमानांच्या आवाजाची तक्रार करावी की नाही, यावर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मध्यंतरी तासभर खडाजंगी झाली. वायुसेनेचं सुखोई लढाऊ विमान उठलं की तावदानं थरथरतात, झोपलेली बाळं दचकतात, हे काही खोटं नाही. आई तिथे गप्प बसून होती. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "उठतानाच्या आवाजाचं काय एवढं? उतरतानाचा ऐकू आला म्हणजे झालं."

माझे बाबा वायुसेनेत फायटर पायलट होते. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि बारा गावचं पाणी पिऊन पुन्हा पुण्यात आले. त्यांच्या आकाशातल्या पराक्रमांविषयी मी बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर आधीच माफी मागते. ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलेच नाहीत. घराच्या खिडकीतून जेवढं दिसलं, तेवढंच माझ्याजवळ आहे.

बाबा सदाशिव पेठेतले. आजोबा शाळामास्तर, त्यामुळे मुलानं सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जावं हे घरात ठरलेलंच होतं. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, जानेवारी १९५५ मध्ये सुरू झाली. बाबांचा जन्म त्याच्या थोडा आधीचा, म्हणजे दोघंही बरोबरच वाढली म्हणायची. टिळक तलावावर पोहायला शिकलेला हा मुलगा एनडीएत दहा मीटरच्या फळीवरून उडी मारायला उभा राहिला, तेव्हा खाली बघून त्याला आजोबांचं म्हणणं पटलं होतं, असं ते स्वतःच सांगतात. पेठेतून खडकवासला कितीसं लांब? पण आजी म्हणायची, "अमेरिकेला गेलेली पोरं परत आली, हा मात्र बसनं गेला तो गेलाच."

एनडीएनंतर हैदराबादजवळचं दुंडिगल, तिथे किरण विमान, आणि पुढे मिग-२१. हे विमान १९६३ मध्ये आपल्याकडे आलं. आवाजापेक्षा दुप्पट वेगानं जाणारं, पण पोटात इंधन बेताचं. रिहीट लावलं, म्हणजे इंजिनाच्या शेपटाकडे जादा इंधन जाळून जोर वाढवला, की टाकी बघता बघता रिकामी. त्यामुळे एक सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, जेमतेम चाळीस मिनिटांचं. उतरायला येताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. चाकं टेकली की मागून टेल शूट, म्हणजे छोटं पॅराशूट उघडायचं, तेव्हा कुठे ते धावपट्टी संपायच्या आत थांबायचं. चाळीस मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा. आमच्या घराचं घड्याळ त्यावर चालायचं.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, वळताना काय होतं? बाबा म्हणाले, सहा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट ओढ लागली की सत्तर किलोचा माणूस चारशेवीस किलोचा होतो. रक्त डोक्यातून पायाकडे धावतं, आधी रंग जातात, मग कडेनं अंधार येऊ लागतो. मांड्यांना आणि पोटाला आवळणारा जी-सूट असतो, पण पोट, पाय घट्ट आवळून कुंथावं तुमचं तुम्हालाच लागतं. एवढं सांगून ते परत शेंगा सोलायला लागले.

हाच माणूस सुट्टीत पुण्याला आला की बजाज चेतकवरून ताशी तीसनं जायचा. वर डोक्याला हेल्मेट. लक्ष्मी रोडवर, १९८० च्या सुमाराला! पुणेकरांचं आणि हेल्मेटचं नातं तुम्हाला मी काय सांगणार. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, "साहेब, चंद्रावर चाललात काय?"

घरात एक नियम होता. उद्या फ्लाइंग असेल तर आज भांडायचं नाही. झोप बिघडली, मनात काही डाचत राहिलं, तर वर त्याची किंमत मोजावी लागते. त्यामुळे आई-बाबांची भांडणं रविवारवर ढकललेली असायची. आई सोमवारपासून विषय साठवायची आणि रविवारी पोहे झाल्यावर एकेक काढायची. बाबाही तयारीनं बसायचे. सहावीत मी गणितात नापास झाले, तेव्हा माझं प्रगतिपुस्तक तीन दिवस गव्हाच्या डब्यात होतं. हवा खराब होऊन फ्लाइंग रद्द झालं, तेव्हाच ते बाहेर आलं. सगळा कॅम्प ढगांना शिव्या देत होता आणि मीही देत होते, माझं कारण निराळं.

आणि आई मोजायची. मुद्दाम नव्हे. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तिचे कान वर असायचे. चार गेली. मग चाळीस मिनिटांनी एक, दोन, तीन, चार. चौथ्याला ती काही बोलायची नाही, फक्त पोळपाट पुढे ओढायची. शेजारच्या घरांतही हेच चालायचं, पण कुणी कुणाला बोलून दाखवायचं नाही.

१९८६ मध्ये आम्ही राजस्थानात होतो. एका सकाळी चार गेली आणि तीन आली. थोड्या वेळानं सीओंची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांची जीप क्वार्टर्सच्या गल्लीत वळली. ही जीप कुणाच्या फाटकाशी थांबते, हे बघत प्रत्येक दारात एक बाई उभी असते. ती आमच्या फाटकाशी थांबली. पण सीओंच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या आणि गल्लीत वळल्यापासूनच त्या खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवत होत्या, लग्नाच्या वऱ्हाडातल्यासारख्या. "ठीक आहे" हे आईपर्यंत दहा सेकंद आधी पोचावं म्हणून. ते दहा सेकंद आई अजून विसरलेली नाही.

पक्षी इंजिनात गेला होता. बाबा इजेक्ट झाले होते, म्हणजे खुर्चीसकट विमानाबाहेर फेकले गेले होते.

त्या काळात ट्रंक कॉल लागला तर लागला. पुण्यात आजी रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकायची, याच आकाशवाणीवर. दुसऱ्या दिवशी त्यात सांगितलं, वायुसेनेचं एक विमान कोसळलं, वैमानिक सुखरूप. नाव अर्थातच नव्हतं. आजी आजोबांना म्हणाली, "कुणाचा का असेना, सुखरूप आहे," आणि देवापुढे साखर ठेवून आली. तो आपलाच, हे तिला चार दिवसांनी अंतर्देशीय पत्रातून कळलं.

इजेक्शनची खुर्ची माणसाला इतक्या जोरात वर फेकते की पाठीचे मणके दबतात. बाबांचा एक मणका चेपला. कित्येक आठवडे फळीवर उताणं झोपणं, मग मेडिकल बोर्ड, मग बंगळूरला तपासण्या. त्या दिवाळीत वाड्याच्या चौकटीवर आजीनं आम्हा मुलांची उंची पेन्सिलीनं मांडली आणि बाबांनाही उभं केलं. जुन्या रेघेपेक्षा ते बोटाच्या पेराएवढे खाली भरले. "बरं झालं," आजी म्हणाली, "आता माजघरात जाताना डोकं आपटणार नाही." मग ती बराच वेळ खोडरबर शोधत राहिली. खोडायचं तर काहीच नव्हतं.

पुन्हा उडायची परवानगी मिळाली, त्या सकाळी आईनं बाबांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. नको म्हणाली नाही. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, का नाही म्हणालीस? तर म्हणाली, "जमिनीवर बसलेले तुझे बाबा तू पाहिले होतेस ना ते आठ महिने?"

जीप दुसऱ्यांच्या फाटकाशी थांबलेलीही मी दोनदा पाहिली. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या बाकावर बसायची. महिन्याभरात त्यांचं सामान काळ्या ट्रंकांत भरून गेलं. त्याबद्दल आज एवढंच.

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकरांचं नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९६५ मध्ये खांद्यात गोळी लागूनही त्यांनी विमान परत आणलं होतं. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं आणि ते युद्धकैदी झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले, थेट लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द अगदी समोर आली. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनला कसं जायचं ते विचारलं. नकाशात स्टेशन होतं, पण तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झालेली! त्या एका प्रश्नानं ते पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. बाबा तेव्हा एनडीएत होते आणि ही गोष्ट तिथे मीठमसाला लावून फिरायची. आईला ती ऐकवली की तिचा प्रश्न ठरलेला, "आणि तेवढं वर्षभर त्यांच्या घरच्यांनी काय केलं?" बाबांना याचं उत्तर कधी देता आलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये परुळकर गेले, तेव्हा पेपर वाचून तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. बाबांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टीव्हीसमोर बसले. शेवटचं विमान उतरलं, टेल शूट उघडलं. "नीट उघडलं," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला. पुढची भाषणं ऐकली नाहीत.

आता त्यांना कमी ऐकू येतं. इतकी वर्षं इंजिनांशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? परवा सकाळी मी माहेरी होते. सुखोई गेली, तावदानं थरथरली. काही वेळानं बाबांनी पेपरातून मान न काढता विचारलं, "किती?"

"चार गेली होती," आई म्हणाली. "तीन आलीत."

तिनं चहाखालचा गॅस बंद केला. बाबांनी पेपर खाली ठेवला. मीही कप तसाच धरून बसले होते. खाली दूधवाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता.

सात-आठ मिनिटांनी चौथं आलं. आईनं गॅस पेटवला.

नमस्कार.