डी अँड डी उद्या बंद पडलं तर आपण काय खेळणार?

नमस्कार मंडळी! आवाज नीट येतोय ना? खाली गल्लीत वरात निघाली आहे, मध्येच ढोल ऐकू आला तर सांभाळून घ्या.

तर, ‘ताई, डी अँड डी बंद होणार का?’ हॅस्ब्रो म्हणजे डी अँड डी या खेळाची मालक असलेली अमेरिकन कंपनी. तिची कुठलीही बातमी आली की हा प्रश्न ठरलेला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीनं सुमारे ११०० लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा आला. नवी पुस्तकं आली तेव्हाही आला. गेला व्हिडिओ फासे कुठले घ्यावेत यावर होता, त्याच्याखालीसुद्धा हेच! अहो, मी इंदूरला राहते, हॅस्ब्रोच्या मीटिंगला बसत नाही. बंद करणार की नाही ते त्यांनाच ठाऊक. पण समजा केलं, तर काय होईल? यावर बोलू.

नवीन आलेल्यांसाठी पटकन. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला खेळ. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात. काम जमेल की फसेल अशी वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. झालं. बाकीचं जुन्या व्हिडिओंत बघा.

आता माझं डोकं कुठं फिरतं ते सांगते. ‘कंपनीनं बंद केलं म्हणजे खेळ संपला.’ अरे, कसा संपला? कंपनी वेगळी, खेळाचं नाव वेगळं, नियम वेगळे. या तिन्हींची खिचडी केली की मग रडारड सुरू होते.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळलात ना? मुंबई विकत घ्या, दिल्लीवर घर बांधा, बँकेत बसलेला भाऊ हळूच शंभराची नोट सरकवतो, तो व्यापार. तो म्हणजे जवळजवळ मोनोपॉलीच. आणि मोनोपॉली कुणाची? हॅस्ब्रोची! आपल्या घरात कुणाला हे माहीत होतं का? हॅस्ब्रोनं उद्या मोनोपॉली गुंडाळली तर रामबागेतल्या माझ्या मावशीकडचा व्यापार थांबेल का? नाव कंपनीचं. खेळायची रीत कुणाच्या मालकीची नसते. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालयही हेच सांगतं: खेळायच्या पद्धतीवर कॉपीराइट नाही, ती ज्या शब्दांत लिहिली त्या मजकुरावर आहे.

यावर एका दादांची कमेंट: ‘मग २०२३ मध्ये एवढा गोंधळ कशाला झाला?’ चांगला प्रश्न आहे. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, म्हणजे डी अँड डी काढणाऱ्या, आज हॅस्ब्रोच्या असलेल्या कंपनीनं, एक खुला परवाना दिला, ओजीएल. मूळ नियमांचा मजकूर घ्या, त्यावर स्वतःची पुस्तकं काढा, विका. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात जुना परवाना रद्द धरायचा आणि जास्त कमाई असणाऱ्यांकडून वाटा घ्यायचा बेत होता. लोक असे चिडले की २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या परवान्याखाली टाकला. तो आता परत घेता येत नाही. पुन्हा सांगते, परत घेता येत नाही! कंपनी विकली, बुडाली, मालक बदलला, तरी नाही. श्रेय द्या आणि वापरा. त्यात सगळं नाही हं. बिहोल्डर, तो एका मोठ्या डोळ्याचा गोळ्यासारखा राक्षस, त्याची ताकद सांगणारे आकडे त्यात नाहीत. पण फायटर आणि विझार्ड ही पात्रं आहेत, फायरबॉलचा मंत्र आहे. खेळायला अजून काय हवं?

यातली खरी मजा सांगू का? तो जुना परवाना आणण्यामागे रायन डॅन्सी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पुढे सांगितलं की त्यांचा एक हेतू हाच होता: उद्या मालकाची लहर फिरली तरी डी अँड डी बाजारातून नाहीसं होऊ नये. म्हणजे तुमचा आजचा प्रश्न एका माणसाच्या डोक्यात पंचवीस वर्षांपूर्वीच येऊन गेलाय.

तरी पटत नसेल, तर हे बघा. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर.) माझं २०१४चं प्लेअर्स हँडबुक. पान २४१, फायरबॉल. हे पिवळे डाग जीरावनचे, पोह्यांवरच्या मसाल्याचे. खेळताना मध्येच पोहे येतात आणि नेमकं कुणीतरी फायरबॉल टाकतो. त्याला सहा बाजूंचे आठ फासे लागतात, मग कपाटातून ल्युडोचे आणि व्यापारचे डबे निघतात. हॅस्ब्रो बंद झाली तर कुणी इंदूरला येऊन हे पुस्तक उचलून नेणार आहे का?

हां, पण ज्यांनी सगळं डी अँड डी बियाँडवर, म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर घेतलंय, त्यांनी थोडं घाबरायला हरकत नाही. तिथं तुम्ही पुस्तक विकत घेत नाही, त्यांच्या सर्व्हरवर वाचायची परवानगी घेता. सर्व्हर बंद, की तुमचा बाराव्या लेव्हलचा पॅलाडिनही गेला. आजच कॅरेक्टर शीट उतरवून प्रिंट काढा. पाच-दहा रुपयांचं काम आहे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा.

आणि हे पहिल्यांदाच घडेल असंही नाही. गायगॅक्स यांनी सुरू केलेली, डी अँड डीची पहिली कंपनी टीएसआर १९९६च्या शेवटी कर्जात इतकी बुडाली की छापखान्यानं काम थांबवलं. पुस्तकं येईनात, त्यांचं ‘ड्रॅगन’ मासिक काही महिने निघालंच नाही. १९९७ साली विझार्ड्सनं कंपनी विकत घेतली. मधल्या काळात लोक घरी बसून जुन्या पुस्तकांवर खेळतच होते. २००८ साली चौथी आवृत्ती अनेकांना रुचली नाही, तेव्हा पायझो नावाच्या दुसऱ्या कंपनीनं त्याच खुल्या परवान्यावर तिसऱ्या आवृत्तीला मुरड घालून २००९ मध्ये पाथफाइंडर आणलं. झालं, खेळ सुरू.

मग काहीच बिघडणार नाही का? बिघडेल ना. जे खेळतायत त्यांचं नाही, जे अजून आलेच नाहीत त्यांचं. आम्ही विजय नगरच्या एका कॅफेत बोर्ड लावला होता, ‘रविवारी पाथफाइंडर, नवीन लोकांचं स्वागत’. एक मुलगा आला आणि विचारतो, ‘भिया, ट्रेक कुठं जातोय, पाताळपाणी?’ बाकी कुणी फिरकलंच नाही. पुढच्या वेळी त्याच बोर्डावर ‘डी अँड डी’ लिहिलं, खेळ तोच ठेवला, तर खुर्च्या कमी पडल्या. ते मालिकेत बघून येतात, रील बघून येतात, आणि त्यांच्या तोंडी एकच नाव असतं. ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ असं कोण शोधतं? माझी आईसुद्धा म्हणते, ‘तुझा तो ड्रॅगनवाला खेळ’. मी हॉरर चालवत असले तरी ड्रॅगनवालाच.

जपानमध्ये हे दुखणं कमी आहे. तिथं कॉल ऑफ कथुल्हू हा याच प्रकारचा हॉरर खेळ डी अँड डीपेक्षा जास्त खेळतात. जर्मनीत १९८४पासून ‘दास श्वार्त्स आउगे’ आहे, स्वीडनमध्ये १९८२पासून ‘द्राकर ओक देमोनर’. त्यांच्या भाषेत त्यांचा मोठा खेळ आहे, म्हणून अमेरिकेतला दिवा गेला तरी त्यांच्या घरात उजेड राहील. आपल्याकडे काय? आम्ही सात जण मराठी-हिंदी मिसळून खेळतो, पण नियम इंग्रजीतच वाचतो. नवीन माणसाला अर्धी संध्याकाळ ‘सेव्हिंग थ्रो’ समजावण्यात जाते. नाव गेलं तर फटका आपल्याला जास्त बसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या वेळी एका काकूंनी लिहिलं होतं, ‘मुलाला फासे घेऊन दिले, आता खेळ बंद झाला तर पैसे वाया?’ काकू, फासे कशालाही चालतात. खरी अडचण वेगळी आहे, त्याला डीएम मिळालाय का ते विचारा. पुस्तकं पडून असतात, ती चालवायला कुणी तयार नसतं. ग्रुपमध्ये सहा जण ‘मी एल्फ घेतो’ म्हणतात, आणि ‘मी चालवतो’ म्हणायची वेळ आली की सगळे मोबाइल बघायला लागतात.

मी पुढच्या महिन्यात कॉल ऑफ कथुल्हू चालवणार आहे, १९२५ सालच्या होळकरांच्या इंदुरात. राजवाडा, छावणीतली रेसिडेन्सी, आणि खान नदीत काहीतरी आहे. दोन जागा आहेत. ज्यांना डीएमिंग शिकायचंय त्यांना आधी घेईन. रात्री उशीर झाला तर सराफ्यात गराडू माझ्याकडून, पण गाडी ज्याची त्यानं आणायची. फुकट मिळणाऱ्या नियमांची लिंक खाली आहे.