सोलापूरच्या उन्हाळ्यातलं लोणी

[पहाट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या पत्र्यांवरचा फिकट उजेड. आत एकच दिवा.]

पहाटेचे पावणेपाच. मे महिन्याचा दुसरा आठवडा. सोलापुरात दिवसभरात मिळायचा तो गारवा एवढाच, सूर्य वर यायच्या आतला. नऊ वाजले की पंखा गरम वारा फेकायला लागतो, आणि दुपारी पारा ४२ च्या पुढे गेला तरी इथं कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

आई उठली आहे. तिनं फ्रिजमधून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. आज लोणी काढायचं आहे.

लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर दुपारी त्याच्याही वर तापलेलं असतं. ओट्यावर लोण्याचा गोळा ठेवून विसरलात, तर तासाभरानं वाटीत तेल सापडेल. दूध चांगलं असू दे, साय दाट असू दे, हात कितीही सवयीचा असू दे, या दिवसांत लोणी निघतं ते गारवा राखणाऱ्यालाच. तो कसा राखायचा, हे मी आईकडून शिकते आहे. पन्नाशी जवळ आली तरी शिकतेच आहे.

[डब्यातली साय, जवळून. चमच्यानं बाजूला केली की आतला दाट, पांढरा थर.]

ही आठ दिवसांची साय. आमच्याकडे रोज दीड लिटर म्हशीचं दूध येतं. गवळीमामा दारात येऊन मापानं घालतात. म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास. म्हशीच्या दुधातले स्निग्ध कण आकारानंही मोठे, त्यामुळं ते लवकर वर येतात आणि साय जाड धरते. रंग मात्र पांढराशुभ्र. गाईच्या लोण्याला जो पिवळा रंग असतो तो चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. म्हैस त्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरं.

आणि म्हैस म्हटलं की आमच्या जिल्ह्याचं नाव निघतंच. पंढरपुरी म्हैस इथलीच. तलवारीसारखी लांब शिंगं, खांद्याच्याही मागं गेलेली. कोरडी हवा, ज्वारीचा कडबा, पाण्याची ओढाताण, या सगळ्यात ती टिकून राहते. एवढ्या उन्हाच्या मुलखात घरोघरी दूधदुभतं राहिलं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

साय धरण्यात आईचा एक हट्ट आहे. उकळी आल्यावर दूध लगेच उतरवायचं नाही, मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं राहू द्यायचं. मग पातेल्यावर ताट झाकायचं नाही, चाळणी झाकायची. ताटाखाली वाफ धरते, तिचं पाणी परत दुधात ठिबकतं आणि साय फाटते. दूध निवलं की पातेलं फ्रिजमध्ये. सहा-सात तासांनी कडेनं चमचा फिरवला की साय भाकरीसारखी अख्खी उचलून येते.

पिशवीच्या दुधाला अशी साय येत नाही, अशी तक्रार पुष्कळजणी करतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. बरंच पिशवीचं दूध होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे दाबाखाली त्यातले स्निग्ध कण फोडून इतके बारीक करतात की ते वर यायचे थांबतात. तिथं साय धरायचीच असेल तर होमोजिनाइज न केलेलं, जास्त स्निग्धांशाचं दूध शोधावं लागतं.

[रात्रीचं दृश्य. आई डब्यात साय घालते आहे, वर चमचाभर दही.]

आता विरजणाचं सांगते, कारण मी इथंच चुकत होते.

लग्नानंतर काही वर्षं मी पुण्यात होते. रोजची साय डब्यात टाकायची, डबा फ्रिजमध्ये, बस. पंधरा-वीस दिवसांनी डबा भरला की मिक्सर लावायचा. लोणी निघायचं, पण कडवट. तूप कढवलं तरी तो कडवटपणा मागं राहायचा. मी दुधाला नावं ठेवायची, गवळी बदलायची. एकदा आई आली, तिनं बोटानं साय चाखली आणि विचारलं, “हिला विरजण कुठं लावलंयस तू?”

फ्रिजच्या थंडीत सगळेच जिवाणू झोपत नाहीत. काही अशा गारव्यातही वाढतात आणि सायीतली प्रथिनं नि स्निग्धांश फोडत बसतात. कडवटपणा त्यातून येतो. पहिल्याच दिवशीच्या सायीत चमचाभर ताजं दही कालवलं की आंबवणारे जिवाणू आधी घर करतात, साय हळूहळू आंबट होते आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचं फारसं चालत नाही. लोण्याचा तो खास वास येतो तोही या विरजणामुळंच. आणि हे सगळं केलं तरी आठ-दहा दिवसांच्या वर साय ठेवायची नाही.

लोणी काढायच्या आदल्या दिवशी आई डबा बाहेर काढते, नीट आंबू देते. डिसेंबरात त्याला अख्खी रात्र लागते. मे महिन्यात चार तासही पुष्कळ झाले. मग रात्रभर परत फ्रिजमध्ये. आंबवताना ऊब, घुसळताना गारवा. ही अदलाबदल ज्याला जमली त्याला अर्धं काम जमलं.

[पहाट, पुन्हा. उभट पातेलं, लाकडी रवी, बर्फाचा ट्रे.]

ही रवी होम मैदानावरच्या गड्डा जत्रेतली. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तेव्हा तिथल्या एका लाकडी सामानाच्या पालावर आईनं घेतली. तिचे दात झिजून गोल झाले आहेत. आई उन्हाळ्यात मिक्सर लावत नाही, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षीचा मे. मला वाटलं, पहाटे उठण्याची एवढी काय गरज, दुपारी मिक्सरवर दहा मिनिटांत होऊन जाईल. साय भांड्यात घातली, फिरवली. फुगली, दाट झाली, लोणी येईना. आणखी फिरवली. मिक्सरचं भांडं हाताला कोमट लागायला लागलं आणि साय एकदम चकचकीत, तेलकट झाली. त्यात लाईट गेली. तासाभरानं आली तेव्हा भांड्यात वर पिवळट तेलाचे डोळे आणि खाली पांढरं पाणी. आठ दिवसांची साय! मला रडू आलं होतं. आईनं ते सगळं मुकाट कढईत ओतून मंद आचेवर आटवलं. तूप निघालं, पण थोडं, आणि तळाशी बेरीचा जाड थर.

चुकलं काय, ते नंतर नीट कळलं. सायीतला प्रत्येक स्निग्ध कण एका पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. घुसळलं की कण एकमेकांवर आपटतात, पापुद्रे फाटतात, आतला स्निग्धांश एकमेकाला चिकटत जातो. पण चिकटायला तो अर्धा घट्ट, अर्धा मऊ असावा लागतो. फार गार असेल तर कण गोट्यांसारखे नुसते आपटत राहतात. फार गरम असेल तर तेल होऊन पसरतात, गोळा धरत नाहीत, आणि बराचसा स्निग्धांश ताकात निघून जातो. मिक्सरचं पातं तर घुसळता घुसळता आपणच ऊब देत असतं.

[पातेल्यात थर्मामीटर. शेजारी आईचं बोट.]

यंदा मी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणलाय. आईनं साय पातेल्यात ओतली, तेवढंच गार पाणी घातलं आणि करंगळी बुडवली.

“अजून ऊन लागायलंय. बर्फ टाक.”

थर्मामीटर १९ दाखवत होता. मी चार खडे टाकले. तिनं परत बोट बुडवलं, परत मान हलवली. आणखी तीन खडे. मग म्हणाली, “आता असू दे.”

थर्मामीटरवर १३. लोणी धरायला १२ ते १५ अंश चांगले, हे मी वाचून आले होते. आईला तो आकडा कुणी सांगितलेला नाही. थंडीत ती याच करंगळीनं उलटं काम करते, डबा फ्रिजमधून आधीच काढून ठेवते आणि कोमट पाण्याचा हबका मारते. मंगळवेढ्याकडं तिच्या माहेरी मातीचा डेरा होता. मातीतून पाणी झिरपून सुकायचं आणि आतलं ताक गार राहायचं. तरीही घुसळण पहाटेच व्हायचं. दिवसातली ती सर्वांत थंड वेळ, म्हणून.

[रवी फिरू लागते. आवाज.]

सुरुवातीला आवाज पातळ असतो, पाण्यातून काठी फिरवल्यासारखा. पाचएक मिनिटांनी साय फुगते, आवाज जड होतो, रवी ओढून धरल्यासारखी वाटते. इथंच माणूस दमतं आणि जोर लावतं. आई जोर लावत नाही. “थांब की जरा. घाई केली की लोणी रुसतंय.”

आता लक्ष द्या.

[अगदी जवळून. रवीचा दांडा, पातेल्याची कड.]

रवीच्या दांड्यावर बारीक पांढरे ठिपके दिसायला लागले. मोहरीहूनही लहान. आवाज बदलला, जडपणा जाऊन खळखळ आली, म्हणजे स्निग्धांश आणि ताक वेगळं व्हायला लागलं. ठिपक्यांचे दाणे झाले. इतका वेळ सायीनं माखलेली रवी हळूहळू धुतल्यासारखी स्वच्छ होत चालली आहे.

“ज्वारीएवढा दाणा झाला की थांबायचं,” आई म्हणते.

याच घडीला ती पेलाभर बर्फाचं पाणी कडेनं सोडते. दाणे टणक होतात, वर तरंगतात. मग रवी पुढंमागं न करता नुसती हलकेच गोल फिरवायची. दाण्याला दाणा लागत जातो आणि डोळ्यांदेखत पातेल्याच्या मधोमध गोळा जमतो. हे मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी त्या क्षणी हातातलं काम सोडून मी अजून बघत उभी राहते.

“आलं बघ. आता हात गार करून घे.”

बर्फाच्या पाण्यात हात बुडवल्याशिवाय लोण्याला हात लावायचा नाही. गरम हाताला ते चिकटतं, निसटतं, बोटांवरच वितळतं. गोळा ओंजळीत उचलायचा, दाबून आतलं ताक काढायचं, गार पाण्यात धुवायचा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं येतं, दुसरं धुरकट, तिसरं जवळजवळ नितळ. ताक आत राहिलं तर लोणी दोन दिवसांत खवट आंबट होतं, म्हणून धुण्यात आळस करायचा नाही. धुतलेला गोळा पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचा, पाणी रोज बदलायचं.

[वजनकाटा.]

आजचा गोळा भरला ४८० ग्रॅम. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. यातलं बरंचसं उद्या कढवायला जाईल. कढताना आधी पाण्याचा तडतडाट होतो, मग तो शांत होतो, बेरी बदामी दिसायला लागते, की गॅस बंद. एवढंच. बेरी साखर घालून पोरांच्या हातावर.

[दार. बाहेर तांब्या घेऊन शेजारच्या काकू.]

सहा वाजलेत. काकूंना रवीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आमच्या वरच्या मजल्यावर कन्नड. काकू ताकाला मज्जिगा म्हणतात, वरच्या आजी मज्जिगे. लोणी म्हणजे एकीचं वेन्न, दुसरीचं बेण्णे. ताक मात्र एकाच पातेल्यातलं तिघींच्या घरी जातं. आईनं आजवर कधी ताकाचे पैसे घेतलेले नाहीत, तिच्या आईनंही घेतले नव्हते. “इकलं तर दुभतं आटतंय,” एवढंच ती त्यावर बोलते.

देव्हाऱ्यात विठोबासमोर लोण्याची सुपारीएवढी गोळी, वर खडीसाखरेचा खडा. पंढरपूर इथून सत्तरएक किलोमीटर. तिथं काकड्याच्या वेळी देवाला लोणी-खडीसाखर दाखवतात, तेव्हाही अशीच पहाट असते.

[तवा. ज्वारीची भाकरी टम्म फुगते.]

पीठ मालदांडीचं, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीचं. आई भाकरी तव्यावरून काढून आचेवर फुगवते, वरचा पापुद्रा बोटानं फाडते. आतून वाफ येते. ताटात शेंगांची चटणी आधीच वाढली आहे. बाहेर ऊन पत्र्यांवर उतरलं आहे, पंख्याचा वारा कोमट व्हायला लागला आहे. पहाटेपासून बर्फ घालून, हात गार करकरून सांभाळलेलं ते लोणी आई लिंबाएवढं उचलते आणि त्या फाडलेल्या भाकरीत, वाफेवर ठेवते.

कड आधी पारदर्शक होते. मग मधला पांढरा गोळा एका बाजूला कलतो.

“खा लवकर,” आई म्हणते. “बघत काय बसलीस?”