कापलेला शेवट

एक चित्रफीत २०१८ साली देशभरातल्या मोबाइलवर फिरत होती. मोटरसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या एका मुलाला उचलतात आणि पसार होतात, एवढेच तीत दिसते. मूळ चित्रफीत मात्र मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी कराचीत तयार झाली होती. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि पालकांना सावध करणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. कुणीतरी तेवढ्याच भागावर कात्री चालवली. त्याच सुमारास अवयवचोरीच्या मजकुरासह पसरलेले मृत मुलांचे छायाचित्र २०१३ साली सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातले होते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची आवई परिसरात आधीच उठलेली असताना नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले, आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण करून ठार केले. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हीच ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यांचे अनोळखी असणेच त्या दिवशी गुन्ह्याचा पुरावा ठरले.

माध्यम साक्षरता म्हणजे खोटे ओळखणे, असा सोपा अर्थ नेहमी सांगितला जातो. पण सीरियातले छायाचित्र बनावट नव्हते आणि कराचीतली दृश्येही कुणी नंतर घुसडलेली नव्हती. खोटे होते ते स्थळ, काळ आणि संदर्भ. त्यामुळे दृश्य खरे आहे का, याआधी ते कुठले, केव्हाचे आणि त्याच्या पुढेमागे काय होते, हे विचारावे लागते. मोबाइलवरचे छायाचित्र शोधयंत्रात टाकले, तर ते पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले होते, हे बरेचदा काही मिनिटांत कळते. अडचण तंत्राची कमी आणि नात्याची जास्त आहे: कुटुंबाच्या गटात मामांनी पाठवलेल्या मजकुरावर शंका घेणे म्हणजे मामांवरच शंका घेणे, असे आपल्याला वाटते.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली, तर एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. १६ एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांनी धास्तावलेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले.