पहिल्या पानावरचे तीन शब्द

1861 साली बॉस्टनमध्ये एक पुस्तक आलं, एका गुलाम मुलीची कहाणी. पहिल्याच पानावर छापलेलं, ‘तिने स्वतः लिहिलेली’. पुस्तकात ती स्वतःला लिंडा ब्रेंट म्हणवते. आणि तरी पुढे शंभर वर्षं बरेचसे अभ्यासक म्हणत राहिले की छे, ही कादंबरी आहे, संपादक लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेनेच लिहिली असणार.

जीन फॅगन येलिन या अमेरिकन अभ्यासक, त्यांनाही आधी तसंच वाटलेलं. पीएचडी करताना त्यांनी हे पुस्तक खोटं म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलंय, मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. नंतर न्यूयॉर्कच्या पेस युनिव्हर्सिटीत शिकवत असताना, सत्तरच्या दशकात, बायकांच्या लिखाणाचा अभ्यास करता करता पुस्तक परत हातात आलं आणि या वेळी त्यातला आवाज खरा वाटला.

पण वाटून काय होतंय, पुरावा पाहिजे ना.

तो सापडला रोचेस्टर युनिव्हर्सिटीच्या संग्रहात. गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या एमी पोस्ट यांच्या घरच्या कागदांमध्ये हॅरिएट जेकब्ज नावाच्या बाईची पत्रं होती. विरामचिन्हांचा पत्ता नाही, स्पेलिंग वेडंवाकडं, पण त्यात ती मैत्रिणीला सांगतेय की मी माझ्या आयुष्याबद्दल लिहितेय. म्हणजे लिंडा ब्रेंट ती हीच. दिवसभर दुसऱ्याची पोरं सांभाळायची आणि रात्री सगळे झोपले की लिहायला बसायचं. घर कुणाचं, तर एन. पी. विलिस या त्या काळच्या नामवंत लेखकाचं, आणि त्याला ती यातलं काही कळू देत नव्हती.

1981 मध्ये येलिन यांनी हे सगळं एका लेखात मांडलं, आणि 1987 ला हार्वर्डकडून टिपांसकट नवी आवृत्ती काढली. पुस्तकात लिंडाचा छळ करणारा डॉक्टर फ्लिंट म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनचा डॉक्टर जेम्स नॉरकॉम, हे त्यांनी कागदोपत्री दाखवलं. 1835 मध्ये त्याने पळून गेलेल्या हॅरिएटला पकडून देणाऱ्याला 100 डॉलर देऊ अशी जाहिरात दिलेली, ती जाहिरातसुद्धा सापडली. तेव्हा हॅरिएट होती कुठे, तर पुढे जवळपास 7 वर्षं त्याच गावात, आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत! 9 फूट लांब, 7 फूट रुंद, आणि सगळ्यात उंच भागात 3 फूट, म्हणजे धड उठून बसायचीही पंचाईत. तिथे तिला एक गिरमिट सापडलं, त्याने तिने भिंतीला बारीक भोकं पाडली आणि त्यातून खाली खेळणारी आपली दोन लेकरं बघत राहायची.

येलिन तिथेही थांबल्या नाहीत. 2004 ला हॅरिएटचं चरित्र आणलं, आणि 2008 ला दोन खंडांत त्या घरातले कागद, हॅरिएटचे, तिचा भाऊ जॉनचे आणि मुलगी लुइझाचे, म्हणजे जी त्या भोकातून दिसायची तीच लुइझा.