मधल्याच पानावर उतरलेला माणूस

मंडळी, आपल्या बेळगाव भागात उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, हे मी इथं सांगायला नको. मांडव उतरला की मागे राहतं काय? निमंत्रणपत्रिका, छापील अध्यक्षीय भाषण, एखादी स्मरणिका, ग्रंथदिंडीचे फोटो. एका वाचनालयानं हे सगळं स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचं ठरवलं आणि मांडणीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिला मेनू मी केला तो असा: भाषणं, पत्रिका, छायाचित्रं, संकीर्ण. दिसायला स्वच्छ. कार्यकारिणी खूश. मग एका मावशींचा फोन आला. नातवानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली होती, उघडली तर दिंडीचा फोटो. "फोटो झकास हाय रे, पण गाव कुठलं हे? साल कुठलं? आमचे वडील त्या वर्षी पालखीमागं होते, तो फोटो ह्याच्या शेजारीच असंल की."

पानावर लिहिलं होतं 'छायाचित्र 14'. शेजारी जायला वाटच नव्हती. एक वाट होती, मुखपृष्ठाची. म्हणजे उचगावात उतरलेल्या माणसाला 'बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर परत जा आणि नवी बस धर' म्हटल्यासारखं.

आपण सजवतो मुखपृष्ठ. माणूस मात्र गूगलवरून, ग्रुपवरून थेट मधल्याच पानावर उतरतो. म्हणून आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर माग आहे: संमेलनं, मग गाव, मग साल, मग ग्रंथदिंडी. यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं की तिथं जाता येतं. खाली मागचा फोटो, पुढचा फोटो आणि त्याच संमेलनातलं भाषण.

मेनूचं काय? पोस्टकार्डाएवढी कार्डं कापली, एकेकावर एकेका वस्तूचं नाव लिहिलं आणि वाचनालयात येईल त्याला म्हटलं, ढीग करा. प्रकारानुसार ढीग जवळपास कुणीच केले नाहीत. आधी गाव, मग साल. एका निवृत्त गुरुजींनी मात्र माणसांनुसार लावले: अध्यक्षांचं भाषण, त्यांचा फोटो, त्यांची पत्रिका एकत्र. आता बरोबर कोण? दोघंही.

ग्रंथालयशास्त्रात हे जुनंच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयानुसार लावायची एक पद्धत, मांडलं. त्यात पुढं एकाच विषयाकडे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ अशा अंगांनी पाहिलं. त्यांची अडचण एवढीच की पुस्तक शेवटी एकाच फळीवर ठेवावं लागतं. आपल्याला ती अडचण नाही. एका फोटोला गावाचं, सालाचं, माणसाचं अशी तीन दारं देता येतात. पण पत्ता एकच हवा. मी आधी तीन प्रती करून ठेवल्या होत्या. एकीतलं नाव सुधारलं, दोन तशाच चुकीच्या राहिल्या.

'मेनूत सातच नोंदी हव्यात' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा सातचा आकडा ज्यावरून घेतात तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा 1956 चा लेख लक्षात ठेवण्याच्या क्षमतेबद्दल आहे, आणि मेनू तर डोळ्यांसमोरच असतो. 'तीन क्लिकांत सापडलं पाहिजे' हेही तसंच. शब्द ओळखीचा असला की माणूस पाचवं क्लिकही करतो. 'संकीर्ण'वर मात्र पहिलंसुद्धा करत नाही.

आणखी एक, आपल्याकडचं खास. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी. शोधणारा दोन्ही लिहितो, तेव्हा शोधचौकटीला दोन्ही कळली पाहिजेत. येळ्ळूर आणि येळूरही. नावांची यादी तर संगणकाच्या कच्च्या क्रमावर सोडूच नका. त्याच्या लेखी ळ हा ल ला चिकटून येतो आणि क्षीरसागर थेट क मध्ये जाऊन बसतात. आपला वाचक क्ष शोधतो यादीच्या शेवटी.

मावशींना फोटो सापडला. चार फोटो पुढेच होता. खाली वडिलांचं नाव मात्र भलतंच छापलेलं, आणि ते कळवायची सोय पानावर नव्हती. ती गेल्या आठवड्यात केली.