त्वचेतले पाणी अडवणारे मेद

त्वचा तेलकट असली म्हणजे तिच्यात ओलावा टिकतो, हा समज पक्का रुजलेला आहे; पण वयात येण्यापूर्वी मुलांच्या तैलग्रंथी जवळजवळ निष्क्रिय असतात, आणि तरीही त्यांच्या त्वचेतून पाणी भराभर उडून जात नाही. पाणी अडवणारे मेद वेगळेच असतात. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर, म्हणजे शृंगस्तर, शरीराच्या बहुतेक भागांवर अवघा 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो आणि हे मेद त्या पेशींच्या मधल्या फटींत एकावर एक पदरांनी रचलेले असतात.

या रचनेला विटांच्या भिंतीची उपमा देतात. ती अर्धीच खरी, कारण इथे पाण्याची वाट मुख्यतः विटा नव्हे, तर त्यांच्यामधला चुना अडवतो. या मेदांत वजनाने सुमारे निम्मी सेरामाइडे (मेदांचाच एक प्रकार) असतात, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, आणि उरलेल्यात मोठा वाटा मुक्त मेदाम्लांचा.

शृंगस्तराच्या लगेच खालच्या जिवंत पेशी या मेदांचा कच्चा माल सूक्ष्म पिशव्यांत भरून बाहेर सोडतात. तिथे विकरे (एन्झाइम्स) त्यातली साखर आणि फॉस्फेट तोडून टाकतात, तेव्हा कुठे सेरामाइडे आणि मेदाम्ले तयार होतात. यांतल्या महत्त्वाच्या विकरांना आम्लधर्मी परिसर लागतो, आणि निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू 5 च्या आसपास असतो. अल्कधर्मी साबण म्हणूनच दुहेरी नुकसान करतो: असलेला मेद धुऊन नेतो आणि नव्याची घडण मंदावतो.

जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये उंदरांच्या आहारातून मेद पूर्णपणे वगळला, तेव्हा त्यांची त्वचा खवलेदार झाली. पुढे उलगडले की काही लांब सेरामाइडांच्या टोकाला लिनोलिइक आम्ल हे मेदाम्ल जोडलेले असते; शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, आणि त्याच्यावाचून मेदांचे पदर नीट जुळत नाहीत.

पेट्रोलियम जेली पाण्याची वाफ वरच्यावर रोखते, आणि कोरड्या त्वचेला तेवढा आधारही पुष्कळदा पुरतो. मात्र बाहेरून सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ल यांपैकी एकच घटक लावला, तर प्रयोगांत बिघडलेल्या त्वचेची दुरुस्ती उलट लांबलेली दिसली. तिन्ही योग्य प्रमाणात एकत्र दिल्यावर ती सुरळीत झाली.