प्लास्टिकमधून नेमकं काय सुटतं आणि ते रक्तातल्या साखरेचं काय करतं

आधीच सांगून टाकतो, मी आज मायक्रोप्लास्टिकबद्दल बोलणार नाहीये, तो वेगळा विषय आहे. मला बोलायचंय ते प्लास्टिकमधून सुटून अन्नात उतरणाऱ्या केमिकल्सबद्दल.

सगळ्यात बदनाम नाव बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए. गंमत बघा, 1930 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा कृत्रिम पर्याय शोधत होते, त्यांनी हे तपासलं आणि ते इस्ट्रोजेनसारखं काम करतं हे तेव्हाच दिसलं होतं. मग त्याहून जोरदार औषध सापडलं, हे मागे पडलं, आणि 1950 च्या दशकात त्याच बीपीएपासून पॉलिकार्बोनेट बनलं, कडक पारदर्शक बाटल्या आल्या, टिनच्या डब्यांना आतून जे इपॉक्सीचं अस्तर असतं त्यातही तेच. हार्मोनसारखं वागतं हे माहीत असताना बरं का!

आता हे शरीरात शिरून करतं काय? स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, ज्या इन्सुलिन बनवतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात, म्हणजे ते हार्मोन जिथे येऊन चिकटतं आणि काम सुरू करतं त्या जागा. 2006 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी उंदरांना थोडंसं बीपीए दिलं तर इन्सुलिन लगेच वाढलं, आणि चार दिवस देत राहिल्यावर इन्सुलिन रेझिस्टन्स दिसायला लागला, म्हणजे इन्सुलिन भरपूर पण शरीर त्याला दाद देईना. डायबेटिसची वाट इथूनच जाते. थॅलेट्सचं, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या केमिकल्सचं, आणखी वेगळंच, ती चरबीच्या पेशी तयार करणारा पीपार गॅमा नावाचा रिसेप्टर चाळवू शकतात. अशा केमिकल्सना अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस ब्लुमबर्ग यांनी 2006 मध्ये ‘ओबेसोजेन’, म्हणजे लठ्ठपणा आणणारी, हे नाव दिलं.

पण उंदीर म्हणजे माणूस नाही. 2008 मध्ये अमेरिकेतल्या 1455 प्रौढांची आकडेवारी आली, लघवीत बीपीए जास्त त्यांच्यात डायबेटिस आणि हृदयविकारही जास्त, आणि लगेच बोंबाबोंब झाली. अहो, पण तपासणी एकाच वेळची होती, आधी काय झालं नि नंतर काय ते त्यातून कळत नाही, आणि जो डबाबंद जास्त खातो त्याचं वजनही त्या खाण्यामुळेच वाढलेलं असू शकतं ना. माझ्या मते पुरावा दुर्लक्ष करण्याइतका कच्चा नाही, पण शिक्कामोर्तब झालंय असं म्हणणारा थाप मारतोय.

बरं, बीपीए शरीरात साठून राहत नाही, बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. मग भीती कशाची? रोज नव्याने येतं, याची. 2011 चा हार्वर्डचा प्रयोग आहे, 75 जणांनी पाच दिवस रोज टिनच्या डब्यातलं सूप घेतलं, तर लघवीतलं बीपीए ताज्या सूपच्या तुलनेत दहापटीहून जास्त! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा थेट 20,000 पटींनी खाली आणली. सगळ्या सरकारी संस्थांना हे पटलेलं नाही, पण युरोपियन युनियनने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी घातली.

मागून कुणीतरी विचारलं, ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं घेतलं की झालं ना? नाही हो, बऱ्याचदा त्याजागी बीपीएस किंवा बीपीएफ असतं, त्याच घराण्यातलं, आणि लॅबमध्ये तेही हार्मोनसारखंच वागताना दिसलंय. लेबल वाचण्यापेक्षा गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये काच ठेवा, कारण उष्णतेने हे जास्त सुटतं आणि थॅलेट्स तर तेलात मस्त विरघळतात. थंड, कोरडं धान्य प्लास्टिकच्या डब्यात असेल तर मी त्याची फारशी फिकीर करत नाही.